वकीलसाहेब (प्रवेशपूर्व)

पांढरकवड्यात कोर्ट आहे, त्यामुळे वकील आहेत. पण काळ्या कोटातल्या वकिलांपेक्षा वकील व्हायचे राहून गेलेल्यांची गर्दी कोर्टासमोरच्या टपऱ्यांवर जास्त. त्यातले बहुतेक नुसते बोलतात. बोलून न थांबता फॉर्म भरणारा एखादाच. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे भाऊ या दुर्मिळ जातीतले. दरवर्षी लॉ सीईटीचा फॉर्म निघाला की यांच्या अंगात येतं.

भाऊंनी पन्नाशी ओलांडली आहे. बाजारात त्यांचं कृषी केंद्र आहे. कपाशीचं बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बी.ए.ला ४६ टक्के होते. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी.ला खुल्या गटात ४५ लागतात. "आपल्यापाशी एक टक्का जास्तीचाच हाय," हे भाऊ अजून सांगतात. त्या काळी पदवीच्या गुणांवरच प्रवेश मिळायचा, पण वडील अचानक गेले, शेत आणि दुकान दोन्ही अंगावर आलं आणि वकिली राहिली. २०१६ पासून राज्यात लॉसाठी सीईटी सुरू झाली. बाकीच्यांना ती अडचण वाटली. भाऊंना वाटलं, बंद झालेली फाइल सरकारनं आपल्यासाठी पुन्हा उघडली.

"या वयात कशाले, भाऊ?" असं कोणी विचारायचीच खोटी. बार कौन्सिलनं २००८च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला तिशीची अट घातली होती आणि सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली, हे भाऊ एका दमात म्हणून दाखवतात. वर पुस्ती जोडतात, "वयाचा प्रश्न सुप्रीम कोर्टात हाय. प्रलंबित प्रकरनावर आपन बोलत नसतो."

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे "निगेटिव्ह मार्किंग नाही." राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, आपल्या राज्याच्या सीईटीत कापत नाहीत. या एका सवलतीवर भाऊंनी जगण्याचं सगळं तत्त्वज्ञान उभारलं आहे. कोणी मुलीसाठी स्थळ सुचवावं की नाही अशा विचारात असलं, तर भाऊ म्हणणार, "सुचवून टाक. निगेटिव्ह मार्किंग नाही." वहिनींनी विचारलं, "वांग्याची करू का भेंडीची?" "कोनतीही कर, निगेटिव्ह मार्किंग नाही." वहिनींचं मार्किंग वेगळं असतं, हे त्यांना जेवायला बसल्यावर कळतं.

फॉर्म भरणं हा घरचा सण. निळ्या प्लॅस्टिकच्या फाइलमधून टीसी, गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र निघतं आणि प्रत्येकाची झेरॉक्स असूनही नवी झेरॉक्स निघते. मग सायबर कॅफेवाल्या पोराची परीक्षा सुरू होते. फॉर्मात तालुका शोधताना तो 'प'मध्ये जातो. भाऊ त्याला 'क'मध्ये आणतात. "अबे, गाव पांढरकवडा अन् तालुका केळापूर. कागदावर गावाचं नाव वेगळं अन् बोलन्यात वेगळं, म्हनूनच आपल्या तालुक्यात इतक्या केसा हायेत." फोटो केबीत बसत नाही, सही डब्यात मावत नाही आणि ओटीपी वहिनींच्या मोबाइलवर जातो, जो घरी चार्जिंगला असतो. भाऊ चिडत नाहीत. "प्रक्रिया हाय," म्हणतात.

अभ्यास पहाटे पाचला सुरू होतो, आणि भिंत एकच असल्यामुळे आमचाही होतो. सगळ्यात आधी चालू घडामोडी. भाऊ वर्तमानपत्र कापून वहीत चिकटवतात. पण घडामोडी चालू असतात, तेवढी भाऊंची वही चालत नाही. एखाद्या खात्याचा मंत्री पाठ होईपर्यंत त्याचं खातं बदललेलं असतं. भाऊंच्या मते हा परीक्षार्थीवर अन्याय आहे. परीक्षेच्या आधी दोन महिने सरकारनं खातेबदल करू नये.

खरी जखम मात्र १ जुलै २०२४ची. त्या दिवशी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. भाऊंना जुनी कलमं तोंडपाठ होती. आकड्यांवरून ते माणसं ओळखायचे. "चारशेवीसचा राग आता तीनशे अठराले करा म्हनते. खुनाचं तीनशेदोन गेलं, एकशेतीन आलं. अन् नव्या तीनशेदोनमदी काय हाय सांगू? धार्मिक भावना दुखावनं!" उधारी बुडवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी भर दुकानात "तू तीनशे अठरा हायेस" असं सुनावलं. गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं, "नायी भाऊ, माह्याकडे तं दोनशे चाळीसच बाकी हायेत."

दुकानात लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी लोकनायक बापूजी अण्यांचा फोटो आहे. बापूजी शेजारच्या वणीचे. यवतमाळला वकिली केली, १९३०च्या जंगल सत्याग्रहात राखीव जंगलातलं गवत कापून पकडले गेले आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. "पाहा," भाऊ म्हणतात, "वकिलानं कायदा मोडला अन् राज्यपाल झाला. आपन कायदा पाळतो अन् डीएपी विकतो."

तर्कशक्तीचे प्रश्न भाऊंना सुटत नाहीत असं नाही, पटत नाहीत. 'आठ मित्र गोल टेबलाभोवती बसले आहेत' असं वाचलं की ते पेन खाली ठेवतात. "आपल्याकडे पंगत असते. गोल टेबल कोनाच्या घरी हाय?" नात्यांच्या प्रश्नावर तर फार राग. 'एका मुलीकडे बोट दाखवून राजू म्हणाला, ही माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी आहे.' भाऊ उसळतात, "सरळ बहीन म्हन नं! असा मानूस साक्षीले उभा केला तं केस गेलीच समज."

पेपराचा तिसरा हिस्सा इंग्रजीचा. तिथं भाऊंचा आवाज खाली येतो आणि भिंतीपलीकडून नुसतं पुटपुटणं ऐकू येतं. उताऱ्याखाली 'लेखकाचा सूर कोणता?' असा प्रश्न आला की मात्र पुन्हा गर्जना, "लेखकालेच विचारा नं! मी काऊन सांगू?"

गेल्या खेपेला याच घरात दुसरीही परीक्षार्थी होती. भाऊंची मुलगी बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉची सीईटी देत होती. ती कानात बोळे घालून, तोंडातून अक्षर न काढता अभ्यास करायची. "माय, तुह्या पेपरात गनित हाय, माह्या पेपरात नायी. म्हनजे माहा पेपर जास्त कायद्याचा," हे भाऊंचं निरीक्षण. ती बोळे काढून म्हणायची, "बाबा, गणित नाही म्हणून तुमचं इंग्रजी जास्त आहे." मग बराच वेळ शांतता.

भाऊंचं घोडं खऱ्या अर्थानं अडतं ते कायद्याच्या कलचाचणीत. तिथं आधी एक तत्त्व देतात, मग एक घटना, आणि ते तत्त्व लावून उत्तर काढायचं. दुसऱ्याच्या जमिनीत जनावर शिरून नुकसान झालं तर मालक जबाबदार, हे तत्त्व. 'अ'चा बैल 'ब'च्या शेतात शिरला आणि पीक खाल्लं, ही घटना. पोरीनं तीस सेकंदांत खूण केली. भाऊंनी चौकशी समिती नेमली.

"कुंपन होतं का?"

"दिलेलं नाही, बाबा."

"टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूचं शेत असंन तं कुंपन रानडुकरानं तोडलं असंन. पंचनामा कुठं हाय? अन् 'ब'नं 'अ'ची वाट अडवली असंन तं? बैल उगाच शिरत नसते."

"बाबा, प्रश्नात जेवढं लिहिलंय तेवढंच खरं धरायचं."

भाऊ गप्प झाले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हनजे कोर्टासारखंच. जे रेकॉर्डवर नायी ते झालंच नायी." आणि थोड्या वेळानं, "आपल्या लोकायले हेच तं समजत नायी."

हे ते कुठून बोलले, ते त्यांच्या दुकानात बसल्याशिवाय कळत नाही. एखाद्या पोडावरचा, म्हणजे आदिवासी कोलामांच्या वस्तीवरचा म्हातारा बियाणं घ्यायला येतो आणि जाता जाता बंडीच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढतो. नोटीस असते, नाहीतर वनहक्काच्या दाव्यावरचं पत्र. भाऊ गिऱ्हाईक थांबवून तो कागद दोनदा वाचतात, तारीख पेनानं गोल करतात आणि म्हणतात, "आजोबा, मी वकील नायी. माह्या सल्ल्यावर काही करू नका. पन या तारखेले जाच." मग कोर्टातल्या विधी सेवा समितीची खोली कुठं आहे ते सांगतात. आदिवासी माणसाला किंवा कोणत्याही बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील मिळतो, हे १९८७च्या कायद्यात लिहिलं आहे, हे तालुक्यात कितीजणांना ठाऊक असेल? भाऊंना सीईटीच्या अभ्यासामुळे ठाऊक आहे. याचे ते पैसे घेत नाहीत. त्यांचं मत देणं मात्र बंद होत नाही, ही फी समजायची.

वाघिणीच्या प्रकरणात तर त्यांनी गावाला वैताग आणला होता. २०१८ मध्ये टी-१ ऊर्फ अवनीला मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही आणि २ नोव्हेंबरच्या रात्री ती बोराटीच्या बाजूला मारली गेली. भाऊ टपरीवर सकाळी वाघिणीचे वकील असायचे आणि दुपारी वाघाच्या हल्ल्यात मेलेल्या गुराख्यांचे. "दोन्ही बाजू मांडता आल्या पाह्यजेत," म्हणायचे. संध्याकाळी न्यायाधीशही तेच. निकाल मात्र राखून ठेवला. तो अजून दिलेला नाही.

परीक्षा उन्हाळ्यात असते आणि तेव्हा आमच्याकडचं ऊन माणसाला जागेवर वाळवतं. त्या खेपेला केंद्र यवतमाळला आलं. भाऊ सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले; डोक्याला दुपट्टा, हातात निळी फाइल आणि शर्टाच्या खिशात उन्हावरचा उतारा म्हणून कांदा. फाटकावर तपासणाऱ्या पोरानं कांदा बाहेर काढायला लावला. भाऊंनी सूचनापत्र उघडलं. "मोबाइल मना, घड्याळ मना, कॅल्क्युलेटर मना. कांदा कुठं लिवला दाखव." मागं रांग वाढत होती. पोरगा वरिष्ठांना विचारून आला आणि म्हणाला, "काका, लिहिलेलं नाही, पण आत नेता येणार नाही." भाऊंनी कांदा त्याच्याच खिशात घातला. "राहू दे तुलेच. तुह्यी तं दिवसभर उन्हातच ड्युटी हाय." आपला मुद्दा मान्य झाला आणि दिलासा मिळाला नाही, असं ते अजून सांगतात, वकिली भाषेत हा अर्धा विजय.

आत संगणक. उत्तर नक्की नसेल तर प्रश्नावर 'पुन्हा पाहण्यासाठी' अशी खूण करून ठेवता येते. भाऊंना ही सोय इतकी आवडली की त्यांनी ती बहुतेक प्रश्नांवर वापरली. "अपिलाची तरतूद हाय तं वापरायची," हा त्यांचा खुलासा. एकशेवीस प्रश्न, दोन तास. खालच्या कोर्टाचाच निकाल पुरा होईना, अपील ऐकायला वेळ कुठला! शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी उरलेल्या सगळ्या प्रश्नांत तिसरा पर्याय दाबला. निगेटिव्ह मार्किंग नव्हतं.

पेपर वाईट गेला की पोरं रडतात, झोपतात, मोबाइल बंद करतात. भाऊ आक्षेप नोंदवतात. उत्तरतालिका आली की चुकीच्या वाटणाऱ्या उत्तराविरुद्ध पैसे भरून आक्षेप घेता येतो. भाऊंनी बैलासारख्याच एका प्रश्नावर घेतला. "पैसे जातील, बाबा," पोरगी म्हणाली. "जाऊ दे. पन रेकॉर्डवर येईल." पैसे गेले. आक्षेपाची पावती निळ्या फाइलमध्ये टीसीच्या वर लागली.

पोरीला नागपूरला प्रवेश मिळाला. भाऊंना इंग्रजीनं पुन्हा अडवलं; प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. लोकांना वाटलं, आता हे थंड पडतील. पोरगी दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांवर तिच्याआधी भाऊंच्याच पेन्सिलीच्या रेघा पडल्या. करार कायद्याचं पुस्तक वाचून त्यांनी दुकानातल्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीखाली स्वतःच्या हातानं लिहिलं: 'योग्य कारण असल्यास घेऊ.' वहिनी म्हणतात, "वकील झाले असते तं दुकान तरी वाचलं असतं."

माझं मत विचाराल तर भाऊ परीक्षेत नापास होतात ते कायदा येत नाही म्हणून नव्हे. 'ब'चं कुंपण कोणी तोडलं हे विचारल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नाही म्हणून. परीक्षेला असा माणूस परवडत नाही. तालुक्याला लागतो. तुमच्या गावातही असेल असा एक, कदाचित तुमच्याच घरात. त्याला वयाची आठवण करून देऊ नका, त्याच्या फाइलला हसू नका, आणि पुढच्या वेळी फॉर्म भरताना त्यानं ओटीपीसाठी तुमचा नंबर मागितला, तर निमूटपणे द्या.