वस्तूमागे अर्धा सेकंद

(स्थळ : नेरूळ. सोसायटीचं ऑफिस, म्हणजे मीटररूमला लागून असलेली खोली. भिंतीवर थकबाकीदारांची यादी, टेबलावर 'वार्षिक सहल' लिहिलेली फाइल. पात्रं दोन : सोसायटीचे सेक्रेटरी आणि निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे 'सर' म्हणतात.)

सेक्रेटरी : या सर, बसा. ती खुर्ची नको, ती मोडकीय. ती थकबाकीदारांसाठी ठेवलीय.

सर : निरोप मिळाला. सहलीचं काही तरी म्हणालात.

सेक्रेटरी : यंदा सहल म्युझियमला न्यायची, असा ठराव झालाय. दरवर्षी तेच रिसॉर्ट, तोच रेन डान्स आणि दरवर्षी कुणाची तरी कंबर धरते. म्हटलं, यंदा जरा सांस्कृतिक.

सर : फारच छान. कुठलं म्युझियम?

सेक्रेटरी : मोठं. काळा घोड्याचं. आमचे चेअरमन अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात.

सर : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.

सेक्रेटरी : तेच. तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना घेऊन जायचात ना, म्हणून तुम्हाला त्रास दिला. प्लॅनिंग सगळं तयार आहे, तुम्ही फक्त नजरेखालून घाला. रविवार मुद्दाम टाळलाय. रविवारी हार्बरला मेगाब्लॉक, आणि निम्म्या लोकांना बस लागते, ते लोकलनेच येणार. म्हणून 1 मे धरलाय. सुट्टी आहे, महाराष्ट्र दिन आहे, विषयाला धरूनही आहे.

सर : 1 मेला म्युझियम बंद असतं.

सेक्रेटरी : बंद? सुट्टीच्या दिवशी?

सर : एरवी सगळे दिवस उघडं. अगदी सोमवारीसुद्धा. वर्षातून फक्त चार दिवस बंद : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर.

सेक्रेटरी : (फाइलमधून कागद काढतात, वाचतात, परत ठेवतात) पर्याय दोन, 15 ऑगस्ट, झेंडावंदन उरकून. पर्याय तीन, 2 ऑक्टोबर. सर, वर्षाच्या 365 दिवसांतून कमिटीने नेमके तीन शोधून काढलेत.

सर : चौथा कसा सुटला?

सेक्रेटरी : 26 जानेवारीला आपली सत्यनारायणाची पूजा असते.

(थोडा वेळ कोणीच बोलत नाही. बाहेर पाण्याची मोटर सुरू होते.)

सेक्रेटरी : बरं, रविवारच. सगळ्यांनी बसने यायचं, लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर, सोबत आलेपाक. बस अटल सेतूवरून न्यायची. खरं सांगू का, निम्मी नावं त्या सेतूमुळेच आलीत. जवळजवळ 22 किलोमीटर आहे. पलीकडे शिवडी, मग फ्रीवे, आणि पुढे ओघाने म्युझियम.

सर : आणि तिथे किती वेळ?

सेक्रेटरी : तेच तर विचारायचंय. आत वस्तू किती आहेत?

सर : पन्नास हजारांच्या वर असतील. अर्थात सगळ्या काही मांडलेल्या नसतात.

सेक्रेटरी : नसू देत, आपण धरून चालू. उघडतं कधी?

सर : सव्वादहाला. सहाला बंद.

सेक्रेटरी : जेवण, चहा, बायकांचे फोटो वगळून सहा तास हातात धरा. (मोबाइलवर हिशेब करतात) सहा तासांचे 21,600 सेकंद. भागिले पन्नास हजार... सर, वस्तूमागे अर्धा सेकंदही येत नाही हो!

सर : म्हणूनच म्हणतो...

सेक्रेटरी : थांबा, मार्ग आहे. आपण चाळीस जण आहोत. वस्तू वाटून घ्यायच्या. प्रत्येकी 1,250. म्हणजे वस्तूमागे सतरा सेकंद मिळतात. सतरा सेकंद रग्गड झाले, आम्ही ऑडिटरच्या रिपोर्टलाही तेवढे देत नाही. प्रत्येकाने आपापल्या वस्तूचा फोटो ग्रुपवर टाकायचा. म्युझियमवालेही चकित होतील, एका दिवसात संपूर्ण बघून जाणारी पहिली सोसायटी!

सर : आणि बघणार कधी?

सेक्रेटरी : घरी येऊन. निवांत. ग्रुपवर.

सर : साहेब, मी मुलांना न्यायचो तेव्हा एकच वही द्यायचो आणि एकच वस्तू. तिच्यासमोर फतकल मारून बसायचं आणि काढायची. पहिली दहा मिनिटं मुलं चुळबुळ करतात. मग त्यांना दिसायला लागतं.

सेक्रेटरी : एक वस्तू? बसवाला 18 हजार मागतोय, सेतूचा टोल वेगळा. एका वस्तूला 18 हजार हे जनरल बॉडीत कसं पास करू?

सर : मग तीन घ्या.

सेक्रेटरी : तीन म्हणजे प्रत्येकी सहा हजार. हं. हे थोडं बसतंय. पण वस्तू तशा तोलामोलाच्या पाहिजेत.

सर : पहिली सांगतो. सिंधमध्ये मीरपूरखासला एक बौद्ध स्तूप होता. 1909-10 च्या सुमारास हेन्री कझन्स नावाच्या साहेबाने तिथे उत्खनन केलं. त्यात निघालेली एक मूर्ती तिथे आहे. हातात कमळ घेतलेला पुरुष. देव नाही, राजा नाही. फूल घेऊन आलेला कुणी तरी.

सेक्रेटरी : दगडाची?

सर : मातीची.

सेक्रेटरी : म्हणजे आपल्या पेणच्या गणपतीसारखी.

सर : पेणचा शाडूचा गणपती कच्च्या मातीचा. तो पाण्यात विरघळायलाच हवा. ही भाजलेली माती, म्हणून तर साधारण पंधराशे वर्षं टिकली. जवळ जाऊन उभे राहा. दगडाला छिन्नी लागते, मातीला नुसतं बोट पुरतं. गालाची गोलाई बघितली की कुणी तरी ओल्या मातीवरून अंगठा फिरवून हात पुसायला गेलाय, असं वाटतं.

सेक्रेटरी : (क्षणभर पेन खाली ठेवून) बरं. लिहून घेतो. कमळवाला. दुसरी?

सर : अकबराची ढाल. शेजारी त्याचं चिलखतही आहे.

सेक्रेटरी : अकबराची म्हणजे त्या काळातली की त्याची स्वतःची?

सर : त्याची स्वतःची. पोलादी, त्यावर सोन्याचं काम. आणि राशींची चित्रं काढलीत.

सेक्रेटरी : राशी? लढाईला? बी विंगच्या आजी तर तिथून हलणारच नाहीत! तिसरी सांगा.

सर : 'अन्वार-ए-सुहेली'ची पानं. आपल्याच पंचतंत्राच्या गोष्टी, फारसीत गेलेल्या, आणि त्यांची चित्रं अकबराच्या चित्रशाळेत काढलेली. चित्रांच्या दालनात पाच मिनिटं थांबावं लागतं, तिथे दिवे मंद असतात.

सेक्रेटरी : बिल वाचवत असतील. आम्हीही जिन्यातले एक आड एक काढले.

सर : जुन्या रंगांना आणि कागदाला उजेड सोसत नाही म्हणून. डोळे सरावले की चित्र आपोआप पुढे येतं.

सेक्रेटरी : मुलांसाठी काय? मुलं माती आणि कागद बघून कंटाळणार. ते पेंढा भरलेले प्राणी आहेत ना?

सर : आहेत. तो विभाग उभा करायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मदत केली होती.

सेक्रेटरी : सोसायटी? कधीची?

सर : 1883 ची.

सेक्रेटरी : 1883! म्हणजे त्यांचं कन्व्हेयन्स झालं असणार.

(सर चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. शाळेत त्यांनी ही युक्ती बत्तीसजणांच्या वर्गावर वापरली होती. इथे एकट्या माणसावर चालत नाही.)

सर : मला विचाराल तर आत शिरण्याआधी पंधरा मिनिटं बागेत थांबा आणि इमारत बघा. जॉर्ज विटेटने बांधलेली. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. दगड इथलाच : पिवळसर तो मालाडचा, करडा तो कुर्ल्याचा.

सेक्रेटरी : कुर्ला! म्हणजे हार्बरचाच दगड. तेव्हा मेगाब्लॉक नव्हता म्हणून पोचला वेळेवर.

सर : वेळेवर कसला! पायाभरणी 1905 साली झाली. इमारत 1914 ला तयार झाली, तर महायुद्ध लागलं आणि तिथे लष्करी इस्पितळ आलं. लोकांसाठी दारं उघडली 1922 च्या जानेवारीत.

सेक्रेटरी : सतरा वर्षं? तरी लोक सिडकोला नावं ठेवतात. आपली बेलापूर-पेंधर मेट्रो 2011 ला काढली आणि 2023 ला धावलीसुद्धा. इंग्रजांपेक्षा पाच वर्षं आधी! हा मुद्दा मी भाषणात घेतो. भाषण बसमध्ये ठेवलंय, सेतूवर. तिथून कुणाला उतरता येत नाही.

सर : (हताशपणे) घ्या.

सेक्रेटरी : आता जोडीला काय काय होईल ते बघू. माणूस एवढ्या लांब जातो तर... जहांगीर आर्ट गॅलरी शेजारीच ना? तिकीट?

सर : नाही. फुकट आहे.

सेक्रेटरी : मग तिथे आधी जाऊ! आणि येताना भायखळ्याला राणीची बाग. पेंग्विन होतील. तिथेही एक म्युझियम आहे म्हणे.

सर : भाऊ दाजी लाड. 1872 चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. लहान आहे पण देखणं आहे. मात्र एका दिवसात दोन म्युझियमं नकोत. दुसऱ्यात माणूस फक्त बाक शोधतो. फार तर बाहेरचा दगडी हत्ती बघून निघा. तो तर तुमच्याच बाजूचा आहे.

सेक्रेटरी : आमच्या?

सर : घारापुरीचा. उरण तालुक्यातला. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. मग ते तुकडे मुंबईत आणून ठेवले आणि 1914 साली जोडून उभा केला.

सेक्रेटरी : म्हणजे पन्नास वर्षं तुकडे नुसते पडून? आणि आपली लिफ्ट अकरा महिने बंद राहिली तर ए विंगने माझ्यावर अविश्वास आणला! सर, हा हत्ती मला पाहिजे. बस थांबवू आपण. दोन मिनिटं.

सर : हत्तीला दोन मिनिटं चालतील. पण आत तीनच वस्तू. प्रत्येकीपुढे वीस मिनिटं, न बोलता. फोन खिशात. जमेल?

सेक्रेटरी : न बोलता? (विचार करून) सी विंगला जमणार नाही. पण ठीक आहे, ठराव करून बघू. आता वाटप सांगतो. तीन वस्तू, तीन विंग. ईश्वराचीच योजना म्हणायची. ए विंगला अकबराची ढाल.

सर : वाटप कशाला? सगळ्यांनी तिन्ही बघायच्या.

सेक्रेटरी : चाळीस माणसं एका मातीच्या मूर्तीपुढे उभी केली तर पुढच्यांनाच दिसणार, मागचे कमिटीला लेखी देणार. मी पार्किंगचं वाटप केलंय सर, मला अनुभव आहे. पण ए विंगला अकबर दिला तर बी विंग म्हणेल, सेक्रेटरी ए मधला आहे म्हणून दिला. आजींचं राशींचं प्रकरणही आहे. तेव्हा ढाल बी विंगला. ए विंगला कमळवाला. मी स्वतः त्यात आहे, कुणी बोट दाखवायला नको. आणि सी विंगला पंचतंत्र, त्यांच्याकडे दिवे तसेही मंदच असतात. (लिहीत) सूचना : वाटून दिलेल्या वस्तूखेरीज अन्य वस्तू परस्पर पाहू नये. सर, तुमचा फ्लॅट कुठल्या विंगमध्ये येतो?

सर : सी.

सेक्रेटरी : अरेरे. म्हणजे कमळवाला तुमच्या वाट्याला येत नाही.

सर : अहो, मीच तर सांगितला तो तुम्हाला!

सेक्रेटरी : मान्य आहे. तुमचं योगदान इतिवृत्तात येईल. पण नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही असं करा, साध्या कागदावर अर्ज द्या : 'मला ए विंगची मूर्ती पाहण्याची परवानगी मिळावी.' ए विंगच्या दोन सभासदांची ना-हरकत जोडा. एक सही मी देतो, आत्ता, इथेच.

सर : आणि दुसरी?

सेक्रेटरी : दुसरी मिळवा कुणाची तरी. फक्त अर्जात 'वीस मिनिटं' लिहू नका. दहा लिहा, पास होईल.