बुलेटची काकडआरती
निफाडचा पारा ५ अंशांवर आला की आमच्या गल्लीतल्या अण्णांची बुलेट पहाटे साडेपाचला काकडआरती धरते. गाडी स्टँडवर, अण्णा आत चहाला, जागी होते ती गल्ली. चोक ओढायच्या कार्बोरेटरच्या काळात असं उभ्या गाडीचं इंजिन तापवणं एकवेळ खपलं असतं. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत गारठा ओळखून पेट्रोल वाढवायला संगणक बसलाय. तेल वर चढायला अर्धा-एक मिनिट पुरे, मग दोन-तीन किलोमीटर रेस न पिळता हाकावी. टायर तर उभ्या गाडीत तापतच नाहीत. अण्णांना हे सांगितलं. म्हणाले, "मुक्या जिवाला माया लागते." आतून काकू ओरडल्या, "बंब पेटवायला कधी उठलात का हो?"