चिकलठाणा ते शिकागो, व्हाया बाबा पेट्रोल पंप

चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला प्रवासाचं काय सांगायचं, असं माझं मत होतं. सौ.सुद्धा हेच वाक्य म्हणायची, फक्त तिचा सूर वेगळा असायचा.

चिरंजीव इंडियानापोलिसला असतात. म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून आधी मुंबई, मग दोहा, मग शिकागो आणि तिथून आणखी एक छोटं विमान. आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून हजयात्रेसाठी थेट जेद्दाहला विमानं गेलेली आहेत. पण ज्यांना लेकाच्या घरी जायचंय त्यांची यात्रा मुंबईपासून सुरू होते. आणि या सगळ्या प्रवासातला अवघड टप्पा कोणता, तर घर ते मुंबई हाच. अटलांटिक ओलांडताना मला झोप लागली, मुंबईपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

पहिली फी व्हिसाची. माणशी १८५ डॉलर, आणि व्हिसा मिळो न मिळो, परत काही मिळत नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. बोर्डाच्या परीक्षेची फी नापासाला तरी आम्ही कुठे परत करायचो?

तिकिटं भाच्याने काढली. "मामा, मुंबईपासून पुढचं एक तिकीट आणि इथून मुंबईचं वेगळं काढलं की चार पैसे वाचतात." वाचले. मग मी नियम वाचला. परदेशाच्या विमानात माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, इथून मुंबईच्या विमानात माणशी १५ किलो. दोन तिकिटं वेगळी, त्यामुळे या हाताचं त्या हाताला ठाऊक नाही. चार बॅगा, ९२ किलो. त्यातून ३० वजा जाता ६२ किलोचं जादा भाडं. ते तिकिटाच्याही वर गेलं. भाचा म्हणाला, "मग सामान कमी करा की." हे वाक्य त्याने सौ.समोर उच्चारलं. त्यानंतर तो महिनाभर आमच्याकडे आला नाही.

सामान कमी होणार नव्हतं. भाजणी, मेतकूट, काळा मसाला, जवसाची चटणी, सूनबाईला पैठणी, विहीणबाईंना हिमरू शाल. शेजारच्या काकूंनी सांगितलं की सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात चालत नाही, तेलामुळे पेट घेते. ती काढली. मग त्याच म्हणाल्या की दुबईत खसखशीला बंदी आहे, लोकांना पकडतात. आमचं विमान दुबईला जात नव्हतं. पण 'आखात ते आखात' म्हणून सौ.ने अनारशांचा घाणा खसखशीऐवजी तिळावर काढला. ते अनारसे खाऊन नातू म्हणाला, "आजी, नाइस बेगल!" आमच्या सिडको वसाहतीत घरोघरी पोचलेलं हे वाक्य आहे, म्हणून इथे लिहिलं.

वजन करायला मी भंगारवाल्याचा ताणकाटा आणला होता. त्याने बॅग आकड्याला अडकवली, काटा पाहिला आणि विचारलं, "काय सर, अख्खं घर हलवू लाले का?"

शेवटी तोडगा निघाला तो असा. चार बॅगा बाबा पेट्रोल पंपापासून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबईला जातील आणि बॅगा एकट्या जात नसल्यामुळे त्यांच्याबरोबर मी जाईन. विमानाची दोन्ही तिकिटं तर काढलेली होती. सौ. म्हणाली, "दोन्ही कशाला फुकट घालवायची? एक तरी वसूल होऊ द्या." म्हणून ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पर्स घेऊन विमानाने निघाली. शेजारची खिडकीची सीट माझी होती. तिच्यावर तिने पर्स ठेवली.

मी सकाळी सातला सहारच्या टर्मिनल दोनसमोर ९२ किलोंसह उभा राहिलो. विमान मध्यरात्रीनंतरचं. दिवसभरात मी बाकी सगळं निभावलं, एका गोष्टीचं उत्तर मात्र भूगोलात सापडलं नाही : चार बॅगा सोडून लघुशंकेला कसं जायचं? समोर बसलेल्या साताऱ्याच्या एका आजींना 'जरा लक्ष ठेवा' म्हणणार, तेवढ्यात लाउडस्पीकरवर 'अनोळखी माणसाच्या सामानाची जबाबदारी घेऊ नका' असं सुरू झालं. आजींनी पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिलं.

तिकडे सौ. उतरली ती टर्मिनल एकला, म्हणजे सांताक्रूझच्या बाजूला. एकाच विमानतळाची ही दोन टर्मिनलं, धावपट्टी सामायिक, पण एकातून दुसऱ्यात जायला बाहेर पडून मुंबईच्या रस्त्याने जावं लागतं. एकत्र कुटुंबातल्या दोन जावांनी एकाच वाड्यात दोन दारं पाडावीत तसं आहे. साडेआठला ती हसतमुखाने आली. "अहो, विमानात कॉफी छान होती. तुमचं तोंड का असं झालंय?" मी उत्तर न देता धावत सुटलो.

बॅगा एकदाच्या पट्ट्यावर गेल्या. प्रत्येकीला चिठ्ठी लागली. तीवर मुंबईसाठी अक्षरं होती 'बीओएम'. मुंबईचं अधिकृत नाव १९९५ साली बदललं, पण तिच्या बॅगा अजून बॉम्बेच्याच नावाने फिरतात. आमच्या गावाचं नाव बदललं २०२३ मध्ये. त्याची विमानखूण 'आयएक्सयू' मात्र अशी आहे की तिच्यात जुनंही नाव सापडत नाही आणि नवंही. या एका बाबतीत दोन्ही बाजूंना तक्रारीला जागा नाही.

दोह्याला सात मीटर उंचीचं एक पिवळं अस्वल बसवलेलं आहे, डोक्यात दिवा असलेलं. आमचं ठरलं होतं, चुकामूक झाली तर अस्वलाखाली भेटायचं. मी चुकलो. सौ. अस्वलाखाली होती.

शिकागोला अधिकाऱ्याने गाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. त्याने मान वर केली. सौ. म्हणाली, "निअर मुंबई." तीनशे तीस किलोमीटर! भूगोलाच्या शिक्षकासमोर! पण शिक्का बसला. मग कळलं की बॅगा इंडियानापोलिसपर्यंत जाणार असल्या तरी अमेरिकेत पहिल्यांदा जिथे पाय टेकतो तिथेच त्या उतरवून घ्यायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पुन्हा पट्ट्यावर टाकायच्या. टाकल्या. घरी पोचल्यावर मी चिरंजीवांना अर्धा तास ऐकवलं, की काय हा तुमच्या देशाचा विक्षिप्तपणा, आपल्याकडे असलं काही नसतं.

आपल्याकडे अगदी हेच असतं.

परतीचं तिकीट चिरंजीवांनी सलग काढलं होतं. चारही बॅगांना 'आयएक्सयू'ची चिठ्ठी. मुंबईला उतरलो तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, सगळे पट्ट्याकडे चाललेत."

"त्यांच्या बॅगा मुंबईच्या आहेत. आपल्या थेट चिकलठाण्याला."

"शिकागोलाही असंच होतं ना?"

"ती अमेरिका. हा भारत आहे."

परदेशातून आलेली बॅग भारतातही पहिल्याच विमानतळावर उचलून कस्टममधून न्यावी लागते, चिठ्ठी कुठलीही असो. हे मला चिकलठाण्याचा पट्टा रिकामा फिरून थांबल्यावर तिथल्या पोरसवदा कर्मचाऱ्याने समजावलं. तो माझा विद्यार्थी निघाला. "सर, तुम्हीच शिकवलं होतं, आधी नकाशाखालची सूची वाचायची." बॅगा तिसऱ्या दिवशी आल्या.

डिसेंबरात चिरंजीव सहकुटुंब आले. वेरूळ दाखवायला मी त्यांना मंगळवारी घेऊन गेलो. वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद असतो, ते मला पाठ होतं. बुधवारी पुन्हा गेलो. तिकीट भारतीयाला ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. पंधरा वर्षांखालच्याला काही नाही, त्यामुळे नातवाचा प्रश्न मिटला. चिरंजीव आणि सूनबाई मात्र आता अमेरिकेचे नागरिक.

मी खिडकीत डोकं घातलं. "अहो, हा इथल्या घाटी दवाखान्यात जन्मलाय! थायलंडचा माणूस ४० रुपयांत कैलास लेणं बघतो, आणि घाटीत जन्मलेल्याला ६००?"

"बरोबर आहे, सर," खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला. "सार्क आणि बिमस्टेकवाल्यांना ४०. ओसीआय कार्ड असलं तर यांनाही ४०. कार्ड आहे?"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मीच सकाळी म्हणालो होतो, आपल्याच गावात कार्ड कशाला, ठेव घरी. मी भाषणाचा दुसरा भाग सुरू करणार तोच सौ.ने पर्समधून दोन्ही कार्डं काढून खिडकीत ठेवली.

"ही कधी घेतलीस?"

"तुम्ही 'ठेव घरी' म्हणालात तेव्हा."

खिडकीतल्या माणसाने कार्डं पाहिली, सूनबाईकडे पाहिलं, मग नातवाने मला भेट दिलेल्या, 'शिकागो' लिहिलेल्या लाल टोपीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"आणि आजोबा, तुमचं?"

मी खिसे चाचपू लागलो. सौ. पर्सची चेन लावून कैलासाच्या दिशेने निघाली होती.