आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा!

पेण असो की रोहा, दुरुस्तीच्या दुकानात कॉम्प्युटर टेबलावर ठेवला रे ठेवला की निदान तयार: "फॉरमॅट मारावा लागेल." स्क्रीन काळी होते? फॉरमॅट. फोटोशॉप उघडताच बंद पडतं? फॉरमॅट. ही खोड मोडलीच पाहिजे. अशा तक्रारींत पुष्कळदा बिघाड नुसत्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो आणि तो एका बैठकीत निघतो.

गणपतीच्या तोंडावर फॉरमॅट मारणं म्हणजे काय, ते पेणच्या डीटीपीवाल्याला विचारा. श्रीलिपी पुन्हा टाका, कोरलची सेटिंग्ज पुन्हा लावा. डेस्कटॉपवर ठेवलेल्या मंडळांच्या बॅनरच्या फाइली तर गेल्याच! धाटाव एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी ऑटोकॅडवर ड्रॉइंग करणाऱ्यांची गतही निराळी नाही.

मुळात होतं काय? विंडोज ग्राफिक्स कार्डाला काम सांगते आणि दोन सेकंद वाट पाहते. कार्ड हललं नाही, तर ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू करते. स्क्रीन काळी पडते ती तेव्हा, आणि उघडं सॉफ्टवेअर कधी कधी त्यातच कोसळतं. स्क्रीन गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबून ड्रायव्हर आपणही रिसेट करू शकतो.

दुखणं वारंवार उद्भवत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव असेल, तर खरा ड्रायव्हर लागलेलाच नाही. चित्र दिसतं, पण कार्ड नुसतं बसून आहे; ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर मग उघडतच नाही. नाव बरोबर असून त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. नवा ड्रायव्हर घ्यायचा तो इंटेल, एनव्हिडिया, एएमडी किंवा लॅपटॉपच्या कंपनीकडूनच. फुकटचे 'ड्रायव्हर अपडेटर' मशीनमध्ये शिरू देऊ नका. काम आजच द्यायचं असेल, तर फोटोशॉपच्या परफॉर्मन्स सेटिंगमधली ग्राफिक्स प्रोसेसरची टिक काढा. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' ही कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. वेग थोडा कमी होईल, काम अडणार नाही.

काही मशीनना मात्र खरोखरच इलाज नाही. २०११ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला इंटेलने विंडोज १० चा अधिकृत आधार दिलाच नाही. तिथे दहादा फॉरमॅट मारला तरी नवं ब्लेंडर चालणार नाही. ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावं. फॉरमॅटचे पैसे घेऊ नयेत.

गिऱ्हाइकांनो, तुम्हीही लगेच मान डोलवू नका. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवायला सांगा. आणि फॉरमॅट मारायचाच ठरला, तर सी ड्राइव्हचा बॅकअप तुमच्या डोळ्यांदेखत घेतला गेला पाहिजे.