मधोमध बस

दिघीत कोणाच्या घरी गेमिंगचा कॉम्प्युटर यायचा असला, की ती बातमी जंगल जेटीने खाडीपलीकडे आगरदांड्याला पोहोचायच्या आत साउंडदादाला पोहोचलेली असते. त्याला बोलवावं लागत नाही. संध्याकाळी तो आपण होऊन ओटीवर येतो, पाणी मागतो आणि तांब्या खाली ठेवता ठेवता विचारतो, "साउंडचं काय ठरवलंत?"

साउंडचं कोणीच काही ठरवलेलं नसतं. पोराने ग्राफिक्स कार्ड ठरवलेलं असतं, बापाने हप्ता आणि आईने बारावीची टक्केवारी. "साउंड येतोच ना मदरबोर्डवर," असं पोरगं बोलून जातं आणि तिथेच फसतं. दादा उठत होता तो पुन्हा बसतो. "येतो. पण येणं वेगळं, वाजणं वेगळं."

असा एक दादा बोर्लीपंचतनला आहे, एक श्रीवर्धनला आहे. पलीकडे मुरुडला दोघे आहेत आणि सबवूफर कोपऱ्यात ठेवावा की टेबलाखाली, यावरून त्यांचं बोलणं बंद आहे. वय चाळिशीपुढे. तरुणपणी मुंबईत नोकरी. ती कसलीही असो, सुट्टीचा दिवस लॅमिंग्टन रोडला. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे हे त्याला सांगू नये, तो पाटी वाचायला तिथे जात नव्हता. स्वतः तो गेम खेळत नाही. गेम सुरू करतो, पहिलं दार करकरलं की मान डोलावतो आणि बंद करतो.

इतिहास मात्र तोंडपाठ. १९८७ साली कॅनडाच्या ॲडलिबचं कार्ड आलं, तोवर बहुतेक पीसी नुसते पीं करायचे. १९८९ मध्ये सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढलं आणि संगीताबरोबर माणसाचा आवाज, बंदुकीचा बार, सगळं एकाच कार्डातून वाजायला लागलं. डॉसच्या काळात कार्ड कुठे बसलंय हे गेमला हाताने सांगावं लागे. ते "ए दोनशेवीस, आय पाच, डी एक" दादा अजूनही सत्यनारायणाचा संकल्प सांगणाऱ्या भटजींच्या वेगाने म्हणतो. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण मध्ये बोलायची कोणाची छाती होत नाही.

मग ऑरियलची कथा. या कंपनीच्या कार्डावर साध्या हेडफोनातूनही शत्रू मागे आहे की बाजूला, ते कळायचं. क्रिएटिव्हने तिच्यावर पेटंटचा दावा लावला. ऑरियल दावा जिंकली, त्या खर्चात २००० साली तिचं दिवाळं वाजलं, आणि उरलंसुरलं क्रिएटिव्हनेच विकत घेतलं. दिवाणी कोर्टात जिंकून वकिलापायी वाडी विकलेली माणसं आमच्या किनाऱ्यावर कमी नाहीत. त्यामुळे ज्यांना कॉम्प्युटर कुठून चालू करतात हे माहीत नाही, ते म्हातारेही या ठिकाणी हळहळतात.

व्हिस्टाचं नाव आलं की दादाचा आवाज खाली येतो. २००७ मध्ये ती विंडोज बाजारात आली, आणि गेमने त्रिमिती आवाजाचं काम थेट कार्डाच्या चिपला सांगायचं, ही जुनी वाट तिने बंद केली. तो हिशेब प्रोसेसर करायला लागला. मदरबोर्डवरची रिअलटेकची चिप बहुतेकांना पुरायला लागली. वेगळं कार्ड घ्यायचं मोठं कारण संपलं. हे सगळं दादाच सांगतो, कुठे काही लपवत नाही. आणि पुढच्याच वाक्यात कार्ड कुठलं घ्यायचं ते सांगतो.

पण त्याला हसण्याआधी एक कबूल करायला हवं, खोक्यावरच्या वॅटला हा माणूस फसत नाही. मी त्याच्याबरोबर एकदा स्पीकर बघायला गेलो होतो. खोक्यावर 'पीएमपीओ' आणि त्यापुढे हजाराचा आकडा. दादाने खोकं बाजूला सारलं, ॲडाप्टर मागितला, उलटा केला आणि चष्मा कपाळावर चढवून तळाची बारीक अक्षरं वाचली. "बारा व्होल्ट, दोन अँपिअर. बारा दुणे चोवीस. भिंतीतून चोवीस वॅट आत जाणार आणि हजार बाहेर पडणार? वरचे कोण देतो, जंजिऱ्याचा नवाब?" मग त्याने आरएमएसचा आकडा विचारला. आकडा फार लहान निघाला. पन्नासचे शंभर वॅट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो, हेही त्याने तिथल्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला न विचारता सांगितलं. त्या दुकानात आता दादाला स्टूल मिळत नाही.

दिघीत स्पीकर फारसे वाजून मरत नाहीत, हवेने मरतात. पिनेवर हिरवट थर चढतो, फोमची कड कुजते, भुशाच्या फळीचं खोकं पावसाळ्यात फुगतं. दादाच्या खिशात म्हणून पेन नसतं, कापूस गुंडाळलेली काडी असते. कोणाच्याही घरी गेला की आधी कॉम्प्युटरच्या मागे वाकतो, हिरव्या भोकातली पिन काढतो, बनियनला पुसतो, पुन्हा घालून बोटांत गोल फिरवतो. खर्र, खर्र, आणि मग एकदम स्वच्छ. त्या क्षणी तो घरच्यांकडे असा बघतो, की चहा टाकावाच लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या पट्ट्यावर आदळलं तेव्हा लोकांनी तांदूळ आणि जमिनीचे कागद उचलले. दादाने ते उचललेच, पण सबवूफर गोधडीत गुंडाळल्यावर. पुढे कित्येक दिवस लाईट नव्हती. आली तेव्हा घराघरात मोबाइल चार्जिंगला लागले. याने स्पीकर लावला, काहीही न वाजवता कान टेकवला आणि म्हणाला, "हम् नाही. अर्थिंग वाचलं."

त्याच्या माजघरात पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच आहे. मागचा डावा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, मागचा उजवा तांदळाच्या पिंपावर. पिंप रिकामं झालं की गुणगुणतं, म्हणून ते कायम भरलेलं ठेवायचं. घरातल्या बायकांनी या एका नियमाला कधीच विरोध केलेला नाही. मधल्या खुर्चीच्या चार पायांभोवती जमिनीवर खडूच्या खुणा आहेत. पाचही बाजूंचा आवाज जुळतो ती जागा एकाच माणसापुरती असते, आणि दादा तिथे पाहुण्याला बसवतो. "मधोमध बस. मान सरळ. मोबाइल खाली ठेव." स्वतः कपाटाला टेकून उभा राहतो. त्याची नजर पडद्यावर नसते, आपल्या चेहऱ्यावर असते.

मला त्याने एका गेममध्ये अंधाऱ्या बोळात उभं केलं. "आता मागून येईल." मी श्वास धरून बसलो. मागे डावीकडे पावलं वाजली, अगदी जवळ, जमिनीला घासत येणारी. मी खुर्चीतून उडालो आणि वळलो. दादाचा चेहरा फुलला. "ऐकलंस? मागून आला ना?"

मागून त्याची आई चहा घेऊन आली होती. "दोघेही बहिरे झालेत," ती म्हणाली. "मघापासून हाका मारतेय."

एकटा असताना तू हा संच कधी लावतोस, असं मी त्याला विचारलं. त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "एकट्याने लावून 'ऐकलंस का' कोणाला विचारू?" म्हणजे हजारो रुपये घालून, खडूने आखून सिद्ध केलेल्या त्या जागेवर हा गृहस्थ सहसा बसतच नाही. त्याला लागतात ते दुसऱ्याचे कान. कार्ड, स्पीकर, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना हा त्या कानांना घरी आणायचा खर्च. गावात भजनाला माणसं जमतात, क्रिकेटला जमतात. दादाला एकावेळी एकच माणूस हवा असतो, आणि तोही मान सरळ ठेवणारा.

यंदा शेजारच्या पोराचा कॉम्प्युटर यायचा होता. पोरगं व्हॅलोरंट खेळणारं. त्या गेममध्ये पावलांचा आवाज ऐकून नेम धरायचा असतो, आणि हेडफोनसाठी दिशेचा हिशेब गेमच करून देतो. पोराला हे ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं. तरी दादाने स्पीकर मांडायला भिंती मोजल्या. पोर म्हणालं, "दादा, हेडफोन पुरे."

दादा गप्प झाला. बाजू सावरली ती पोराच्या आईने, अर्थात नकळत. "हेडफोन अजिबात नकोत. कान बंद करून बसतो, मी जेवायला हाका मारून मरते."

दादा हळूच उठून तिच्या बाजूला जाऊन बसला. "वहिनी, एक जात असते हेडफोनची. ओपन बॅक. मागून जाळी असते, कान बंद होत नाहीत. गेमचा आवाजही मोकळा येतो आणि तुमची हाकही आत जाते."

"नक्की जाते?"

"तुमची जाईलच."

पोराला मोकळा आवाज हवाच होता, आईला हाक पोहोचायला हवी होती, आणि बापाला अख्ख्या संचापेक्षा हा सौदा स्वस्त पडत होता. माझ्या माहितीत दादाचा सल्ला घरातल्या तिघांनी एका बैठकीत मानल्याचा हा पहिलाच प्रसंग. हेडफोन गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर मुंबईहून आले. दादा हजर होताच. पोराला मधोमध बसवलं, पिन बनियनला पुसली, लावली, आणि चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. स्वयंपाकघरातून हाक आली. "आलो," पोर म्हणालं. आई खूश होऊन बाहेर डोकावली, आणि दादाने तेवढ्यात साधून घेतलं.

"वहिनी, आता याला एक छोटा ॲम्प लागेल."