औंदा पोरं तयारीत हायेत

लिंकन, नेब्रास्का
24 ऑगस्ट 2025

ती. अण्णांस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. पत्र हातानंच लिहिलंय. फोटो काढून पुतण्याच्या मोबाईलवर पाठवतोय, त्याच्याकडून झेरॉक्स काढून घ्या. वाचून दाखवायला मात्र त्याला सांगू नका. मागच्या खेपेला त्यानं मधली दोन पानं गाळून थेट 'सर्वांना नमस्कार' वाचला, असं आईकडून कळलं.

आधी एक कबुली देतो. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा जत्रेच्या हगाम्याहून तुम्ही घरी यायचात, आणि फेट्यावर गुलाल नसला की आम्हाला निकाल कळायचा. शेवटची इनामाची कुस्ती, समोर शेजारच्या गावचा पैलवान, आणि आपलं पोरगं चितपट. तुम्ही दोन दिवस कुणाशी धड बोलायचा नाहीत. पुढच्या चैत्रात मात्र पारावर बसून पुन्हा तेच, "औंदा पोरगं तयारीत हाय." मी तोंडावर हसायचो. एकदा तर म्हणालो होतो की अण्णा, एवढा विश्वास उसावर ठेवला असता तर एकरी शंभर टन निघाला असता. तुम्ही काहीच बोलला नव्हतात. ते आज व्याजासकट वसूल होतंय. तुमचं दुखणं वर्षातून एकदा उपटायचं. माझं ऑगस्टच्या अखेरीला सुरू होतं आणि नोव्हेंबर संपेपर्यंत बहुतेक दर शनिवारी नव्यानं उपटतं.

इथल्या विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ आहे. या फुटबॉलचा पायाशी संबंध बेताचाच. आपल्या आट्यापाट्यांत कुस्ती मिसळा, पोरांना टणक टोप घाला आणि मध्ये एक लांबोळा चेंडू सोडा. चार डावांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला. संघाचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. आपल्याकडं राहुरीच्या संघाला 'कांदा काटणारे' म्हणावं तसं. मला हे नाव पहिल्या दिवसापासून आवडलं.

तुम्ही विचाराल, कॉलेजच्या पोरांच्या खेळाचं एवढं काय? त्याचं असं आहे की अख्ख्या नेब्रास्का राज्याची वस्ती 20 लाखांच्या आसपास. आपला एकटा नगर जिल्हा 2011 सालीच 45 लाखांचा होता. इतक्या थोड्या लोकांत व्यावसायिक फुटबॉलचा संघ कोण काढणार? म्हणून राज्याचं जे काही आहे ते या पोरांवर. 1923 साली बांधलेलं स्टेडियम आहे, त्यात 85 हजारांच्या आसपास माणूस मावतं. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम हेच राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. सगळे लाल कपड्यांत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, कुणीतरी ग्रामपंचायत मारली आणि गुलाल अजून उतरलेला नाही.

आणि अण्णा, 1962 च्या नोव्हेंबरपासून आजपर्यंत इथल्या एकाही सामन्याचं तिकीट शिल्लक राहिलेलं नाही. लागोपाठ 400 च्या वर सामने. संघ हरो, बर्फ पडो. म्हाताऱ्या माणसांच्या पिढीजात जागा आहेत, आपल्या कारखान्याच्या शेअरसारख्या. आजोबा गेले की वारसनोंद होते. समोरचा संघ जिंकून मैदानाबाहेर निघाला तर हे लोक उभं राहून त्याला टाळ्या देतात. हगाम्यात परगावच्या पैलवानानं चांगला डाव केला की तुम्ही खिशातली नोट काढून द्यायचात, ते आठवलं. स्टेडियमच्या दगडावर कोरलंय त्याचा मतलब असा, की विजयाला महत्त्व नाही, कृती करण्यातच मोठेपणा आहे. म्हणजे गीताच. गेली वीस-बावीस वर्षं संघानं ती फारच मनावर घेतलीय.

पूर्वी असं नव्हतं. 1970, 71, 94, 95 आणि 97 अशी पाच वेळा या संघानं देशाची गदा आणली. टॉम ऑस्बर्न नावाचे वस्ताद होते. 25 वर्षं होते, 255 सामने जिंकले आणि एकाही वर्षी नऊच्या खाली आले नाहीत. पुढं लोकांनी त्यांना खासदार केलं. हे नगर जिल्ह्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडं साखरेवरून दिल्लीला जातात, ते फुटबॉलवरून गेले. गव्हर्नरच्या उमेदवारीला मात्र 2006 साली पक्षातल्या पक्षातच पडले. भाऊबंदकी सगळीकडं सारखीच.

त्यांच्यानंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांना 2003 साली नऊ विजय आणि तीन पराभव एवढ्यावर घरी पाठवलं. नऊ विजय! आज कुणी नऊ जिंकून दिले तर त्याची हत्तीवरून मिरवणूक काढतील. म्हणजे चालता कारखाना, पण उतारा अर्ध्या टक्क्यानं घसरला म्हणून संचालक मंडळ बदलायचं. तेव्हापासून वस्ताद येतायत आणि जातायत. मी आलो 2012 साली. तेव्हाचा वस्ताद दर वर्षी नऊ-दहा जिंकायचा आणि चार हरायचा. लोक त्याच्यावरही नाराज. मी बाहेरचा, गप्प राहिलो. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

मग 2018 साली स्कॉट फ्रॉस्ट आले. याच राज्याचा, वूड रिव्हर गावचा पोरगा. 1997 ची गदा आणली त्या संघाचा म्होरक्या. लोकांना वाटलं, आपल्या तालमीतला माणूस आलाय, आता काळजी नाही. 2021 साल तुम्हाला सांगतो. बारा सामने, तीन जिंकले, नऊ हरले. पण ते नऊच्या नऊ सामने दहापेक्षा कमी गुणांनी! वर्षभराच्या गुणांची बेरीज केली तर आपले गुण समोरच्यांपेक्षा जास्त. मी अभियंता आहे अण्णा, पाण्याचा थेंब न् थेंब मोजतो, तरी हा हिशेब मला अजून लागलेला नाही. धरण भरलेलं, कालव्याला पाणी सुटलेलं, आणि आपल्याच चारीला कोरड.

2022 साली मोसमाची सुरुवात आयर्लंडमध्ये डब्लिनला. 28-17 अशी आघाडी होती. पैलवान वर बसलाय, समोरच्याची दमछाक झालीय, नुसतं दाबून धरायचं. अशा वेळी वस्तादानं भलताच डाव टाकला. चेंडू लांब मारायचा सोडून जवळच घरंगळत सोडला, आपणच पुन्हा पकडू म्हणून. तो पकडला समोरच्यांनी आणि सामना 31-28 नं गेला. त्यानंतर दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नचा संघ मानधन देऊन बोलावलेला. म्हणजे हगाम्यातली रेवड्यांची कुस्ती. तेही 45-42 नं जिंकून गेले. रेवड्याही त्यांनीच नेल्या.

दुसऱ्या दिवशी वस्तादाला काढलं, 11 सप्टेंबरला. करारात असं होतं, की 1 ऑक्टोबरपर्यंत थांबलं तर द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार. वीस दिवस! आपल्या पैशात साठ कोटींच्या आसपास. पण थांबवेना. मी त्या दिवशी तुमच्या सुनेला म्हणालो, या लोकांना आता आपलंच समजायला हरकत नाही. रागाच्या भरात उभं पीक मोडणारी माणसं मी दुसरीकडं फक्त आपल्या तालुक्यात पाहिलीत.

आता साडेसातीचं सांगतो. इथं बारापैकी सहा सामने जिंकले की डिसेंबरात 'बोल' नावाचा एक जादा सामना मिळतो. बक्षिसापेक्षा मान मोठा. असा सामना आमच्या संघानं 2016 च्या डिसेंबरात खेळला तो शेवटचा. 2023 साली पाच जिंकून चार बाकी होते, त्यांतला एक हवा होता. चारही हरले, आणि चारही मिळून फक्त 16 गुणांनी. पुढचा बोल मिळाला थेट 2024 च्या डिसेंबरात. म्हणजे साडेसात वर्षं आणि वर सहा महिने व्याज. मागं आलो होतो तेव्हा मी शिंगणापूरला तेल वाहून आलो, ते प्रमोशनसाठी नव्हतं. तुम्हाला आज सांगतो.

आमचा शनी पूर्वेच्या बांधाला राहतो. त्याचं नाव आयोवा. मध्ये मिसुरी नदी आहे, तिकडंही मकाच. बांधाला बांध लागला की काय होतं हे मी लिहायला नको. दर वर्षी नोव्हेंबरात त्यांच्याशी सामना असतो. 2023 साली ते 13-10 नं जिंकले, शेवटच्या क्षणाला चेंडू खांबांमधून मारून. 2024 साली? पुन्हा 13-10, पुन्हा शेवटच्याच क्षणाला. मी त्या दिवशी बंद टीव्हीसमोर अर्धा तास बसून होतो. धाकटी येऊन म्हणाली, "बाबा, रिमोट हवाय का?"

पण अण्णा, त्याच्या सहाच दिवस आधी विस्कॉन्सिनला 44-25 हाणलं होतं. त्याच विजयानं साडेसाती उतरली. पुढं न्यूयॉर्कला बॉस्टन कॉलेजवर 20-15 असा विजय मिळाला. सात जिंकले, सहा हरले. ऑस्बर्नच्या काळात या निकालावर सुतक पाळलं असतं. आम्ही पेढे वाटले. खवा इथं मिळत नाही म्हणून दूध पावडरचे वाटले.

तुमच्या सुनेला यातलं काही पटत नाही. तिचा पक्ष व्हॉलीबॉलचा. याच विद्यापीठाच्या पोरींचा व्हॉलीबॉल संघ पाच वेळा देशात पहिला आलाय. 30 ऑगस्ट 2023 ला त्यांचा सामना त्याच फुटबॉलच्या स्टेडियमवर ठेवला, तर 92,003 माणसं आली. बायकांच्या खेळाला एवढी गर्दी झाल्याची अधिकृत नोंद जगात कुठं नव्हती. पोरी तीन-शून्य जिंकल्या. ती आणि धाकटी हसत घरी आल्या. तिचं म्हणणं असं, की घरात कमावती लेक असताना तुम्ही उनाड पोराच्याच मागं का लागता? याला माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्याकडं असेल तर कळवा, आईला न विचारता.

आता यंदाचं. नवे वस्ताद मॅट रूल, हे त्यांचं तिसरं वर्ष. लिंकनमध्ये न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकच आकडेमोड सांगतात. रूल टेंपल विद्यापीठात होते तेव्हा पहिल्या वर्षी दोन विजय, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी दहा. बेलरला पहिल्या वर्षी एक, मग सात, तिसऱ्या वर्षी अकरा. इथं पाच, मग सात. म्हणजे तिसऱ्या वर्षी? मी हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "लागण, खोडवा, निडवा. निडव्याला उतार पडतो, खत जास्त घाल." त्या रात्री मला झोप लागली नाही.

खत मात्र जास्त पडतंय. यंदाच्या जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, एका विद्यापीठाला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर मुभा आहे. पोरंही आता दर वर्षी विद्यापीठ बदलू शकतात. कोण कुठं गेला याच्या बातम्या मी वाचतो तेव्हा घरच्या निवडणुकीच्या बातम्या वाचल्यासारखं वाटतं. म्होरक्या डिलन रायोला मात्र टिकलाय. त्याचा बापही इथंच खेळला. घरचं बियाणं आहे.

थोरल्याचं विद्यापीठात पहिलं वर्ष सुरू होतंय. शेतकी सोडून त्यानं कॉम्प्युटर घेतला, हे तुम्हाला आवडलं नाही, मलाही नाही. पण काल तो लाल सदरा घालून आरशासमोर उभा होता. मी विचारलं, "काय रे, यंदा कसं काय?" तर आरशातूनच म्हणाला, "बाबा, धिस इयर दे आर रेडी." मी तिथून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तुम्ही पारावर बसायचात तसा. तुमच्या सुनेनं विचारलं, काय झालं, तर म्हणालो, काही नाही, अण्णांची आठवण आली.

मागच्या फेब्रुवारीत वाडिया पार्कला महाराष्ट्र केसरी बघून तुम्ही फोनवर दीड तास पंचाच्या निकालावर बोलत होता. तेव्हा मी मधूनच 'हं, हं' म्हणत होतो, खरं तर लॅपटॉपवर काम करत होतो. माफी असावी. आता त्या कुस्तीचा सगळा व्हिडिओ बघितलाय. पुढच्या रविवारी निवांत बोलू.

पहिला सामना 28 तारखेला, कॅन्सस सिटीला, सिनसिनाटीशी. इकडची रात्र, तुमची 29 ची सकाळ, साडेसहा. रजा नसल्यानं इथं गणपती दीड दिवसाचाच बसवतो, म्हणजे विसर्जन त्याच संध्याकाळी. आरती झाल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही, असा घरातला हुकूम आहे. तेवढ्या वेळात देवासमोर एक दिवा लावा. नवस बोलू नका, मागचे तीन फेडायचे राहिलेत. आणि शेजारच्या गावी कुणाला सांगू नका. आईस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. गोठ्यातल्या गाईंचं कळवा.

तुमचा
धाकटा

ता. क. दिवाळीत येतोय तेव्हा तुमच्यासाठी लाल टोपी आणतोय. पांढऱ्या टोपीवर घालता येते का, ते मापानं बघतो.