नरकासुराचे डोके: काही फोमयुक्त नियम

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री मांद्र्यापासून काणकोणपर्यंत गोवाभर नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जळतात. धड कोणीही करतो. बांबूचा किंवा लोखंडी सांगाडा, त्यात सुके गवत, जुनी वर्तमानपत्रे, वरून रंगीत कागद. डोके मात्र वाड्यावरचा एकच इसम करतो. त्याला येथे शिरोमणी म्हणू. बाजारात कागदी लगद्याचे तयार मुखवटे मिळतात. ते विकत घेणे शिरोमणीला कमीपणाचे वाटते. यंदा पुन्हा त्याने फोम आणला आहे, सबब हे मार्गदर्शन.

नियम पहिला. फोम गादीवाल्याकडून आणावा, घरातल्या गादीतून काढू नये.

नियम दुसरा, कापण्याचा. कात्रीत फोम दबतो आणि कड तिरकी येते. नवे कोरे पाते घ्यावे, लांब ओढीत कापावे, पाते बोथट होताच टाकून द्यावे. सपाट तुकड्याला डोक्याची गोलाई आणायची तर त्याच्या कडेला पाचरीसारखे काप काढायचे आणि त्या कापाच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटवायच्या. काप रुंद, तर फुगवटा जास्त. ब्लाउजला टक्स घालणाऱ्या कोणत्याही शिंप्याला ही विद्या पाठ असते. शिरोमणी शिंप्याला विचारत नाही. तो आधी कापतो, मग काय झाले ते निरखतो आणि त्याला कान म्हणतो.

चिकटवण्याच्या बाबतीत धीर धरावा. सोल्यूशन दोन्ही कडांना लावायचे, बोटाला लागेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच दाबायचे. थांबणे अवघड, कारण भोवती सल्लागार असतात. ‘दांत आनीक व्हड कर मरे!’ असे सांगणाऱ्याने आयुष्यात दाताची पावडरसुद्धा स्वतः विकत आणलेली नसते. त्यातला विडीवाला आधी बाहेर घालवावा. सोल्यूशनची वाफ पेट घेते आणि नरकासुर वेळेआधी निकालात निघतो. एकदा दाबलेली कड सरकत नाही. नाक डावीकडे गेले तर गेले. असुराचे नाक सरळ असावे, असे कोणते पुराण म्हणते? याच सोल्यूशनने थर्माकोल विरघळतो, हे मात्र दात लावण्यापूर्वी शिरोमणीला कळलेले बरे.

डोळ्यांना चेंडू अर्धा कापून लावावा. जिम हेन्सन यांनी 1955 साली आईच्या जुन्या कोटातून कर्मिट हे बाहुले शिवले, तेव्हा त्याचे डोळे टेबल टेनिसच्या चेंडूचेच होते. हा दाखला सल्लागारांच्या तोंडावर फेकण्यास उपयोगी.

रंग ॲक्रिलिक. पहिला हात फोम नुसता पिऊन टाकतो. दुसऱ्याची तयारी ठेवावी. पाणीही तो तसेच पितो. परतीच्या पावसाची एक सर आली की डोके जड होते, मान वाकते आणि नरकासुर लग्न ठरलेल्या मुलासारखा खाली बघत मिरवणुकीत निघतो. प्लास्टिक जवळ ठेवावे.

आता थट्टा बाजूला. फोम जाळू नये. पॉलियुरेथेन पेटला की धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात, आणि त्या धुरातच वाड्यावरची पोरे नाचत असतात. पहाटे डोके उतरवूनच धड पेटवावे. हा एकच नियम शिरोमणी वाद न घालता पाळतो. इतक्या जागरणाने लावलेल्या भुवया त्याला जाळवत नाहीत. सगळे घरी जाऊन तुळशीपाशी कारीट फोडतात, फोव खायला बसतात. हा डोके बगलेत मारून ते ठेवायला माळा शोधत फिरतो, आणि माळ्यावर जागा नसल्याचे आईने सांगितलेलेच असते.

कृष्ण राहिला. कथेत नरकासुराला मारायला तो आणि सत्यभामा येतात; मिरवणुकीत त्याच्या वाट्याला बहुधा असुराच्या गुडघ्याएवढी उंची येते, आणि सत्यभामेला तीही नाही. त्याला मुकुट हवा, हे शिरोमणीला रात्री तीनला आठवते. त्यासाठी गेल्या वर्षीचे फोमचे तुकडे घ्यावेत. उजेडात पडून ते आपोआप पिवळे झालेले असतात. सोनेरी रंगाचा खर्च वाचतो.